लोक काय म्हणतील? – वाचकांचे प्रश्न, खर्चाची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून आली आहे: 'मनातून करायचं नाही, पण नाही म्हणताही येत नाही.' त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. घरखर्चाचं नियोजन आणि विवाहपूर्व समुपदेशन करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरत आलंय. मुलगी आणि होणारे जावई दोघंही साधं लग्न करू म्हणतात. पण थोरले बंधू म्हणतात, 'आपल्या घराण्यात हजाराच्या खाली पान उठलेलं नाही.' व्याही म्हणतात, 'आम्हाला काही नको, फक्त लग्न थाटात करून द्या.' हातात पाच लाख आहेत, आणखी पाच लाख कर्ज काढावं लागेल. याद्या पुढच्या महिन्यात आहेत. काय करावं? – एक वडील, कराड तालुका

आधी कर्जाचं बघू. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ११,६३० रुपये बसतो. फेड होईपर्यंत सुमारे ६ लाख ९८ हजार जातात, त्यातलं जवळपास दोन लाख निव्वळ व्याज. नातवंडाचं बारसं होऊन ते बालवाडीत जाईपर्यंत तुम्ही मांडवाचे पैसे फेडत असाल. म्हणून पहिला नियम: लग्नासाठी कर्ज नाही, आणि हातातल्या पाच लाखांपैकीही ५० ते ७५ हजार बाजूला. ते शेवटच्या आठवड्यात लागतातच. जनरेटरचं डिझेल, वाढीव गाडी, ऐन वेळी आठवलेले फेटे या गोष्टी कुठल्याच यादीत नसतात.

पुढचं सगळं एका आकड्यावर ठरतं: माणसं किती? कार्यालय केवढं, ताटं किती, गाड्या किती, पत्रिका किती, हे सगळं त्याच्याच मागून येतं. ताट ३०० रुपयांचं धरलं तर हजार ताटांचे तीन लाख, अडीचशे ताटांचे ७५ हजार. फुलं आणि बँडवर घासाघीस करून जे वाचतं, ते या फरकापुढे किरकोळ आहे. केटरर किमान ताटांची हमी मागतो, तीही जपून द्या. आपल्याकडे येणार की नाही हे कळवायची पद्धत नाही, त्यामुळे लोक भीतीपोटी जास्तीची हमी देतात आणि न उठलेल्या पानांचे पैसे भरतात. लेखी हमी अपेक्षेच्या ८५ टक्क्यांची द्या आणि वाढीव ताटाचा दर आधीच ठरवून घ्या.

यादी तीन कागदांवर करा. पहिल्यावर, ज्यांच्या सुखदुःखात तुम्ही रात्र काढली आहे ती घरं. दुसऱ्यावर भाऊकी आणि सोयरे. तिसऱ्यावर कचेरी, पतसंस्था, पुढारी, 'त्यांनी बोलावलं होतं म्हणून' वाले. तिसरा कागद सरळ बाजूला ठेवा. त्यांना लग्न झाल्यावर एक फोटो आणि नमस्काराचा निरोप पुरतो. दुसऱ्या कागदावर काट मारायची तर अख्ख्या पायरीवर मारा: चुलत चुलते बोलवायचे तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. इथेच बहुतेक घरं घसरतात. एका मावसभावासाठी अपवाद केला की उरलेल्या सात घरांना अपमान वाटतो आणि यादी आठवड्यात पुन्हा हजारावर जाते. नियमाचा राग दोन दिवस टिकतो, अपवादाचा वीस वर्षं.

आता थोरले बंधू. त्यांना बैठकीच्या आधी एकटे गाठा, चारचौघांत नाही. त्यांचा जीव हजार पानांत अडकलेला नाही. लहान लग्नात आपला मान कुठे राहणार, याची त्यांना काळजी आहे. तो मान त्यांना द्या: याद्यांच्या बैठकीत 'दोन्हीकडची मिळून अडीचशे माणसं' हे वाक्य त्यांनीच उच्चारायचं. थोरल्यानं जाहीर केलेल्या गोष्टीवर भाऊकी सहसा वाद घालत नाही. धाकट्यानं जाहीर केली तर ती कंजुषी ठरते.

व्याह्यांना 'थाटात म्हणजे किती?' हे आकड्यातच विचारा: माणसं किती, कार्यक्रम किती, खर्च कोणाकडे. अर्धा-अर्धा खर्च हा प्रश्न विचारल्यावर थाट बऱ्याचदा आपोआप खाली येतो. गाडी, फ्लॅटचे सुरुवातीचे पैसे, 'मुलाच्या धंद्याला हातभार' यांपैकी काही मागितलं गेलं, तर तो हुंडाच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानं देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. स्वखुशीच्या भेटींचीही यादी करून सह्या करायची तरतूद आहे, ती जरूर पाळा.

देण्याघेण्याच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या दोन्हीकडून एकदम बंद करा आणि याद्यांच्या कागदावर तसं लिहा. एकाच बाजूनं बंद केलं की दुसरी बाजू 'आमच्या हौसेनं' पंचवीस साड्या घेऊन येते आणि तुम्हाला आदल्या रात्री दुकान उघडायला लावून मिळेल ते उचलावं लागतं. त्या साड्या कोणी नेसत नाही, पुढच्या लग्नात कोणाला तरी जातात. पत्रिकेवर नुसतं 'कृपया आहेर आणू नये' छापून भागत नाही, कारण दाराशी वही घेऊन माणूस बसलेला असतोच. वहीच ठेवू नका. मात्र एक गोष्ट आधीच मान्य करा: आजवर तुम्ही तीनशे घरी आहेर केला असेल, तर तो परत येणार नाही. ती रक्कम मनातून सोडता येत नसेल तर वही ठेवा, पण मग हजार पानंही वाढावी लागतील.

गावात चूलबंद आवतणाची, म्हणजे अख्ख्या घराला जेवायला बोलावण्याची रीत असेल, तर ते जेवण लग्नापासून वेगळं करा. दुसऱ्या दिवशी गावच्या मंदिरात पंगत, गावचाच आचारी, भात-आमटी-भाजी-बुंदी. शंभर माणसांना साधारण ९ ते १० किलो तांदूळ, ४ किलो तूरडाळ आणि १२ ते १५ किलो भाजी लागते. पोळी-पुरी ठेवली तर तांदूळ दोन किलोंनी कमी करा. कार्यालयातल्या ताटाच्या तुलनेत माणशी खर्च पुष्कळच खाली येतो आणि गाव जेवल्याचं समाधानही मिळतं. घाटावर हल्ली साखरपुड्यातच लग्न उरकतात, तोही चांगला मार्ग आहे. फक्त मुलीच्या आजोळला आधी सांगा, नाहीतर 'आम्हाला न कळवता' हे वाक्य जन्मभर ऐकावं लागतं.

नोंदणी लग्न करायचं असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे वधू-वरांपैकी एकजण जिथे किमान ३० दिवस राहतो, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ती भरता येते. नोटीस लागल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. गोंधळ होतो तो असा: लोक आधी मुहूर्त काढतात, मग नोटीस देतात आणि ३० दिवस भरत नाहीत. दुसरा गोंधळ पत्त्याच्या पुराव्याचा, मुलगी पुण्यात राहते आणि आधार कराडचं. जिथे राहत असल्याचा पुरावा देता येईल, नोटीस तिथेच द्या. नेहमीच्या विधींनी लग्न केलंत तर ९० दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंद करून टाका, नंतर दंड लागतो. आणि 'भटजी-बँडशिवाय लग्न आपल्यात होत नाही' असं कोणी म्हणालं, तर त्यांना सांगा की महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ मध्येच असं लग्न लावून दाखवलं आहे.

सोन्याचं थोडक्यात. हिशोब सोपा जावा म्हणून भाव ग्रॅमला १०,००० धरू. १० ग्रॅमचा दागिना, घडणावळ १५ टक्के, त्यावर ३ टक्के जीएसटी: बिल १,१८,४५०. मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर परत येत नाहीत, म्हणजे दुकानाबाहेर पडताच १८,४५० गेले. तेवढ्याच भावाचं, ३ टक्के घडणावळीचं नाणं घेतलं तर बिल १,०६,०९०. रोज अंगावर राहील तेवढाच दागिना करा, बाकी द्यायचंच असेल तर नाणं. दोन्हींवर हॉलमार्क बघा. दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. खडे जडवलेल्या दागिन्यात खड्यांचं वजन सोन्याच्या भावानं लागलेलं नाही ना, हेही बिलावर बघा.

प्रश्न : फोन तीन वर्षांचा आहे, दुपारीच चार्जिंग संपतं. टीममध्ये सगळ्यांचे फोन नवे. ६०,००० चा फोन 'नो-कॉस्ट ईएमआय'वर घ्यावा का? पगार हातात ४२,०००, बाइकचा हप्ता ४,२००. क्रेडिट कार्डावर ५०,००० थकलेत, पण मी 'मिनिमम ड्यू' न चुकता भरतो. – वय २६, पिंपरी

फोन राहू द्या, आधी कार्ड. महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं तर ५०,००० वर १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. बऱ्याच कार्डांवर किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. तुम्ही २,५०० भरता, त्यातले २,०६५ व्याजात आणि करात जातात. कर्ज कमी होतं फक्त ४३५ रुपयांनी. 'न चुकता भरतो' याचा उपयोग एवढाच की उशिराचा दंड लागत नाही. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या चहावरही आजपासून व्याज. म्हणून कार्ड पाकिटातून काढा, ॲपमधून त्याचे व्यवहार बंद करा आणि महिन्याला ८,००० भरा. सात-आठ महिन्यांत पाटी कोरी होते. थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्यायला बँकेला विचारा, पण दर 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर आहे, की घटत्या शिलकीवर, हे लेखी घ्या. फ्लॅट १२ टक्के ऐकायला बरे वाटतात, प्रत्यक्षात ते २० च्या पुढे जातात.

आता 'नो-कॉस्ट'. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बँकांना बजावलं. तेव्हापासून व्याज किमतीतल्या सवलतीच्या आड बसलेलं असतं. ६०,००० चा फोन, १२ हप्ते ५,००० चे, बँकेचा दर १५ टक्के: बँकेच्या वहीत कर्ज सुमारे ५५,४०० चं आणि व्याज सुमारे ४,६०० चं लागतं. ते ४,६०० दुकान 'सूट' म्हणून देतं. पण त्या व्याजावरचा जीएसटी, साधारण ८३० रुपये, तुमच्या माथी. वर प्रक्रिया शुल्क. आणि रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुतेक वेळा तुम्हाला मिळत नाही. तीच मोठी रक्कम असते. हप्ता मध्येच बंद केला किंवा फोन परत केला, तर गेलेला कर आणि शुल्क परत येईलच असं नाही.

तुमची खरी अडचण बॅटरीची दिसते. सेटिंग्जमध्ये बॅटरीची क्षमता बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात बॅटरी बदला. मधल्या किमतीच्या फोनला दीड ते चार हजारांत होतं, महाग मॉडेलला जास्त. नाक्यावरची स्वस्त बॅटरी टाळा. फुगली की पडदा उचलते आणि मग खर्च तिप्पट. फोन बदलायचं रास्त कारण एकच: कंपनीनं सुरक्षेचे अपडेट थांबवणं. मग बँकेची ॲपही एकेक करून चालेनाशी होतात. ती तारीख कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून ठेवा. कार्ड फिटल्यावर महिन्याला ४,००० वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे तोवर रोख तयार असेल.

टीममध्ये कोणी विचारलं तर 'चालतोय अजून' एवढंच म्हणा. 'परवडत नाही' म्हणालात की कोणीतरी ईएमआयचा सल्ला देतो, आणि 'मला असल्या गोष्टींत रस नाही' म्हणालात की त्यांना तो टोमणा वाटतो.

प्रश्न : मुलीच्या वर्गात प्रत्येक वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट. आता दीडशेच्या खाली काही चालत नाही. पंचवीस मुलं. मुलगी सात वर्षांची, तिला वाईट वाटेल म्हणून थांबवता येत नाही. – ठाणे

वर्गाच्या ग्रुपवर हा विषय काढू नका. तिथे पहिलं उत्तर द्यायला कोणी धजत नाही, मग एखादी स्मायली पडते आणि विषय मिटतो. जूनमध्ये, शाळा सुरू होताना, चार-पाच आयांशी एकेकटं बोला. त्यात हौसेनं महागातलं देणारी एकजण तरी हवीच. पाच जणी तयार झाल्या की मग ग्रुपवर एकच निरोप, पाचही नावांनी: 'यंदा आम्ही रिटर्न गिफ्ट देणार नाही, तुम्हीही आमच्या मुलांना देऊ नका.' पहिल्या वाढदिवसाच्या आधी हे झालं पाहिजे. ऑगस्टनंतर ज्यांनी आधीच दिलंय त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

मुलीला वाईट वाटतं ते निघताना मैत्रिणींचे हात रिकामे दिसतात म्हणून. तासाभराचा एखादा उद्योग ठेवा, ज्यात केलेली वस्तू मुलं घरी नेतील. कागदी कपात माती भरून मेथी पेरणं हा सर्वांत स्वस्त: पंचवीस मुलांना शंभर ग्रॅम दाणे पुरून उरतात, रात्रभर भिजवून ठेवा, कपाच्या बुडाला भोक पाडायला विसरू नका. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि मुलांचे फोन येतात, 'माझी उगवली!'

प्रश्न : मुलीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. शेजारणीनं जावयाला सोन्याची अंगठी आणि चांदीचं ताट दिलं. आमची ऐपत नाही, पण मुलीला सासरी ऐकावं लागेल याची भीती वाटते. – नाशिक

रीत काय आहे ते आधी बघा: जावयाला ३३ अनारसे किंवा बत्तासे, दिवा, आणि पुरणाच्या धोंड्यांचं जेवण. अंगठी आणि ताट ही सराफ बाजाराची भर आहे. अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. पहिल्या धोंड्याला जे द्याल ती खालची पायरी ठरते. पुढच्या वेळी त्याहून कमी देता येत नाही. म्हणून नेमकं पहिल्याच वेळी साधं करायचं. गोव्यात चवथीला नव्या लेकीकडे जाणाऱ्या वझ्याचं हेच झालं: करंज्या, लाडू, फळं, नारळ यांच्या टोपल्या पहिल्या वर्षी जेवढ्या गेल्या, त्याहून कमी पुढे पाठवणं जड जातं.

महिना लागायच्या पंधरा दिवस आधी मुलीकरवी जावयांशी बोला, विहिणींशी नाही. जावयांनी स्वतः घरी सांगितलं की 'मी दागिना घेणार नाही, अनारसे घेईन', तर तो त्यांचा निर्णय ठरतो. तुम्ही सांगितलंत तर ती तुमची अडचण ठरते. हे बोलणं जितकं उशिरा, तितकी गैरसमजाला जागा जास्त.

आणि अनारसे घरीच करा. विकतच्या डब्याला कोणी दाद देत नाही, घरच्या जाळीदार अनारशाची चर्चा सासरच्या ओट्यापर्यंत जाते. ३३ नगांना अर्धा किलो जुना तांदूळ पुरतो. तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कपड्यावर पसरा आणि हाताला दमट लागतोय तेवढ्यातच कुटून बारीक चाळणीनं चाळा. पूर्ण वाळला तर पीठ बांधलं जात नाही. पिठाच्या वजनाच्या पाऊण ते बरोबरीनं किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा करा, डब्यात चार-पाच दिवस मुरू द्या. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात एकेक सोडा. उलटायचा नाही, वरून झाऱ्यानं तूप उडवायचं. अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून विरघळला, तर गूळ जास्त झालाय, थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घ्या. कडक झाला तर चमचाभर दूध किंवा पिकलं केळं. मे महिन्यात उन्हामुळे तांदूळ झटकन वाळतो, त्यामुळे पसरल्यावर दर वीस मिनिटांनी हात लावून बघा.

प्रश्न : रात्री झोपताना फोनवर 'सेल'मध्ये काहीबाही मागवते. निम्म्या गोष्टी डब्यातून बाहेरही निघत नाहीत. मन आवरा असं सांगू नका, ते करून झालंय. – नागपूर

बरोबर, मनावर सोपवू नका. दुकान तुमच्या हातात बटण देतं, तर तुम्ही बटणाच्या वाटेत पायऱ्या घाला. कार्डांचे जतन केलेले टोकन प्रत्येक ॲपमधून काढा, म्हणजे दर वेळी पाकीट शोधून आकडे भरावे लागतील. जतन केलेला पत्ताही काढा. खरेदीच्या ॲपची सूचना बंद करा, ॲपच काढून ब्राउझरवर गेलात तर आणखी उत्तम. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली आणा, घरखर्चाला पुरेल एवढीच. 'पैसे नंतर द्या' या सोयी बंद करायच्या असतील तर आधी थकीत रक्कम शून्य करा आणि मग खातं बंद केल्याचा लेखी निरोप मागा. नुसतं ॲप काढल्यानं ती उधारीची सोय चालूच राहते.

आवडलेली वस्तू वहीत लिहा: तारीख, किंमत, घरात ती कुठे ठेवणार. तिसरा रकाना सर्वांत कामाचा आहे. फ्रायरला ओट्यावर जागा नसते, हे किमतीपेक्षा लवकर पटतं. हजाराच्या आतली वस्तू दोन दिवसांनी, पुढची महिन्यानं. आणि खरेदी फक्त शनिवारी सकाळी. किराणा व औषधं या नियमातून वगळा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात नियम मोडेल आणि मोडलेला नियम परत बसत नाही.

'फक्त २ शिल्लक', उलटं पळणारं घड्याळ, टोपलीत आपोआप शिरलेलं दान किंवा विमा, 'नको, मला बचत करायची नाही' असं लिहिलेलं नकाराचं बटण: या युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा तेरा प्रकारांना मनाई केली. पडद्याचा फोटो काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून चालू परवानग्या बघा. फुकट महिना म्हणून घेतलेली वर्गणी तिथे सापडते आणि तिथूनच रद्द होते.

प्रश्न : आमच्या गावात डीजे, वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाच्या मिरवणुका यांत चढाओढ लागलीय. सगळ्यांना नकोय, पण एकानं थांबवलं तर तो कंजूस ठरतो. ग्रामसभेत ठराव करता येईल का? – शिक्षक, सांगोला तालुका

येईल, आणि एकेकट्यानं थांबण्यापेक्षा तेच बरं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. एका घरानं हे केलं असतं तर पोरांनी शेजारी जाऊन टीव्ही पाहिला असता. शेजारचाही बंद, म्हणून ते चाललं. खर्चाच्या चढाओढीचंही तसंच.

पद्धत अशी. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, विषय तिथे आधी मांडा. घरातलं सोनं कशासाठी मोडलं याचा हिशोब त्यांच्याकडे असतो आणि डीजेला त्यांचा विरोध उघड असतो. मग ग्रामसभा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी ते. ठरावात मोघम 'साधेपणा' लिहू नका. मोजता येईल तेच लिहा: मिरवणुकीत डीजे नाही, फ्लेक्स नाही, लग्नात टॉवेल-टोपीचा सत्कार नाही, माईकवर पाहुण्यांची नावं पुकारणं नाही. शेवटची बाब बारीक वाटेल, पण निम्मी चढाओढ त्या माईकवरून सुरू होते आणि मुहूर्तही त्यापायीच टळतो.

दंड किंवा वाळीत टाकणं ठरावात अजिबात आणू नका. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानं वाळीत टाकणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. एखाद्यानं डीजे लावलाच, तर आवाजाच्या मर्यादेसाठी आणि रात्री दहाच्या बंदीसाठी पोलिसांचा कायदा आहेच. ठरावाचं काम एवढंच की न लावणाऱ्याला 'गावाचं ठरलंय' हे उत्तर मिळावं.

आणि ठरावानंतरचं पहिलं साधं लग्न गावातल्या सगळ्यात ऐपतदार घरात झालं पाहिजे. गरिबाच्या घरापासून सुरुवात झाली तर लोक म्हणतात, 'परवडत नव्हतं, म्हणून ठराव पुढे केला,' आणि मधल्या घरांना त्या पंक्तीत बसायचं नसतं. त्यामुळे सभेची नोटीस निघायच्या आधी, यंदाच्या हंगामात ज्यांच्याकडे कार्य आहे त्या मोठ्या घरी दोघं-तिघं जाऊन या. त्यांचा होकार आला तर ठराव मांडा. आला नाही तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा आणि तोवर फक्त फ्लेक्सचा विषय घ्या.